पुनर्भरणाचा गाळणखड्डा दरवर्षी तुंबतो? वाळू बदलण्याआधी मीठ शोधा

पावसाचं पाणी गाळून विहिरीत-बोअरमध्ये सोडणाऱ्या खड्ड्याची ही तक्रार ओळखीची आहे. आखाजीच्या आसपास खड्डा उपसला, रेती नवी टाकली, गिट्टी धुऊन भरली. मृगाच्या पहिल्या एक-दोन पावसांत गढूळ, चहासारखं पाणी आलं, तरी ते भराभर उतरलं. आर्द्रा लागल्या, पाणी दिसायला जरा बरं येऊ लागलं आणि नेमकं तेव्हाच खड्ड्यावर दोन-दोन दिवस पाणी उभं राहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा रेती, पुन्हा मजुरी, पुन्हा तेच.

"गाळ जास्त येतो" हे उत्तर इथे बसत नाही. गाळ जास्त असता तर सगळ्यात घाण पाण्यातच, म्हणजे पहिल्या पावसात, खड्डा बसला असता. पहिलं घाण पाणी उतरतं आणि नंतरचं गोड पाणी अडतं, तेव्हा संशय मिठातल्या सोडियमवर घ्यायचा. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये शेतातल्या विहिरीच्या आणि गावा-शहरातल्या बोअरच्या खड्ड्यांत ही अडचण येते. कारण सापडलं नाही तर कितीही ब्रास रेती टाकली तरी ती सुटत नाही.

मीठ खड्ड्यात काय करतं

काळ्या जमिनीतल्या चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असतो आणि त्याच्या अंगावर ऋण भार असतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे कण एकमेकांना धरून ठेवतात, त्यांचे बारीक रवे होतात. रवा जड असतो, तो तळाला बसतो किंवा रेतीच्या वरच अडकतो. त्याच्या आजूबाजूने पाण्याला वाट राहते. सोडियमची पकड ढिली असते आणि तो आपल्याभोवती पाण्याचं जाड कवच घेऊन येतो. कॅल्शियमची जागा त्याने घेतली की कण सुटे होतात, फुगतात आणि पाण्यात दुधासारखे तरंगत राहतात. असे सुटे कण रेतीच्या फटीत खोलवर जातात आणि तिथे लोण्यासारखे बसतात.

आता वेळेचं कोडं. पाण्यात एकूण क्षार भरपूर असतील तोवर सोडियम जास्त असूनही माती सुटत नाही, क्षारांचा दाबच कणांना जवळ धरतो. म्हणून क्षार धुऊन आणणारं पहिल्या पावसाचं पाणी उतरतं. पण त्या पाण्यातला सोडियम रेतीत अडकलेल्या मातीवर चढून बसतो. पुढे निव्वळ पावसाचं पाणी आलं की क्षारांचा दाब जातो, चढलेला सोडियम मात्र तसाच राहतो, आणि अडकलेली सगळी माती एकदम सुटते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा सिंचनाच्या पाण्यासाठीचा तक्ताही हेच सांगतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं गुणोत्तर, म्हणजे एसएआर, ६ ते १२ असेल तर ईसी, म्हणजे एकूण क्षारांचं माप (डेसिसीमेन्स प्रति मीटर), १.९ च्या वर असताना पाणी मुरायला अडचण नाही. ईसी ०.५ च्या खाली गेली की अडचण गंभीर. पाणी जितकं गोड, तितका खड्डा घट्ट.

थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. तिथे रस्त्याकडेला पावसाचं पाणी गाळणारे खड्डे असतात आणि त्यांची हीच गत होते. हिवाळाभर खारं पाणी उतरत राहतं आणि वसंतातल्या गोड पाण्याने खड्डा बसतो. शिवाय गाड्यांच्या टायर-ब्रेकमधून आलेलं जस्त आणि तांबं, जे गाळणीने आधी धरून ठेवलेलं असतं, ते सोडियम ढकलून बाहेर काढतो. क्लोराईडला तर कुठलीच रेती अडवत नाही, ते सरळ भूजलात जातं. आपल्याकडे बर्फ नाही, मीठ आहे. फक्त ते वेगळ्या वाटेने येतं.

आधी खात्री करा: तीन चाचण्या, खर्च जवळजवळ शून्य

पहिली चाचणी बाटलीची. खड्ड्यावर उभं असलेलं पाणी एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत भरा, हलवा आणि सावलीत ठेवा. तासा-दोन तासांत वरचं पाणी निवळलं तर तुमचा त्रास साध्या गाळाचा आहे. दुसऱ्या दिवशी याच वेळी बाटली अजून दुधट-करडी असेल, मागे धरलेली छापील अक्षरं वाचता येत नसतील, तर माती सुटलेली आहे.

दुसरी चाचणी ढेकळाची, आणि ती सगळ्यात जास्त सांगून जाते. खड्ड्यातली वाळलेली पापडी आणि पाणी जिथून येतं तिथली माती, दोन्हींचे हरभऱ्याएवढे खडे घ्या. दोन काचेच्या पेल्यांत बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी (अ‍ॅसिड नव्हे) किंवा थेट भांड्यात धरलेलं पावसाचं पाणी ओता. बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातला कॅल्शियम खरं चित्र झाकून टाकतो. खडा अलगद सोडा, हलवू नका. दहा मिनिटांनी पाहा, दोन तासांनी पाहा, दुसऱ्या दिवशी पाहा. खडा ढासळून तळाशी ढिगारा झाला पण पाणी स्वच्छ राहिलं, तर माती फक्त सुकलेली होती म्हणून फुटली, तिला मिठाची बाधा नाही. खड्याभोवती मात्र धुरासारखं वलय उठलं, ते तळावर पसरत गेलं आणि दुसऱ्या दिवशी पेला ताकासारखा दिसला, तर सोडियम नक्की. पापडीच्या पेल्यात धूर आहे आणि शेतमातीच्या पेल्यात नाही, असं झालं तर मीठ शेतातून येत नाही, वाटेत कुठेतरी मिसळतंय. शोध तिथेच अर्धा होतो.

तिसरी चाचणी टीडीएस पेनची, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या पेनची. पहिल्या पावसात, चौथ्या पावसात आणि कोरड्या दिवशी खड्ड्यात पाणी दिसलं तर तेव्हा, अशी तीनदा नोंद करा. छतावरून आलेलं पावसाचं पाणी पहिली धूळ गेल्यावर ५० पीपीएमच्या आत असायला हवं. पेन ४००-५०० दाखवत असेल तर कुठूनतरी क्षार येत आहेत. पाऊस नसताना खड्ड्यात ओल आणि पेनवर हजाराच्या वर आकडा असेल, तर कुणीतरी त्यात पाणी सोडतंय हे धरून चला.

पेन सोडियम आणि कॅल्शियम वेगळे दाखवत नाही. त्यासाठी पाण्याचा आणि मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. पाल, ममुराबाद, धुळे, नंदुरबार इथली कृषी विज्ञान केंद्रं किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय, इथे आधी विचारून घ्या. पाण्यासाठी सामू (पीएच), ईसी, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि क्लोराईड मागा. मातीसाठी सामू, ईसी आणि विनिमययोग्य सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांवर चढून बसलेल्या सोडियमची, टक्केवारी. ही टक्केवारी १५ च्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला की जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली.

एसएआर घरी काढता येतो. अहवालात मिलिग्रॅम असतील तर सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने आणि मॅग्नेशियमला १२ ने भागा. समजा सोडियम २३०, कॅल्शियम ४०, मॅग्नेशियम २४ आहे. भागाकार (हेच मिलिइक्विव्हॅलंट) आले १०, २ आणि २. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज ४, तिचं निम्मं २, त्याचं वर्गमूळ १.४१. दहाला १.४१ ने भागलं की ७. वरच्या तक्त्यात हे पाणी ६ ते १२ च्या रांगेत बसतं.

मीठ येतं कुठून

धुण्याचं पाणी सगळ्यात आधी तपासा. गच्चीवर कपडे धुतात, तिथलं पाणी पावसाच्याच पाइपाने खाली येतं आणि तो पाइप खड्ड्याला जोडलेला असतो. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो मिठापेक्षा वाईट, कारण त्यातला कार्बोनेट कॅल्शियमला चुन्यासारखा बसवून टाकतो आणि मैदान सोडियमला मोकळं होतं. बंदोबस्त सोपा आहे. गच्चीवरच्या मोरीचा पाइप वेगळा करा.

पाण्याचा जडपणा काढणारे वॉटर सॉफ्टनर दवाखाने, लॉज, नव्या इमारतींत बसतात, कारण बोअरचं पाणी जड. त्यातले जडपणा धरणारे मणी, म्हणजे रेझिन, धुवायला मीठ लागतं, लिटरभर रेझिनला साधारण १५० ग्रॅम. ५० लिटर रेझिनच्या टाकीला प्रत्येक वेळी साडेसात किलो. त्यात सोडियम सुमारे ३ किलो, क्लोराईड साडेचार किलो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराईडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका धुण्यातलं क्लोराईड १८ हजार लिटर निव्वळ गोड पाण्याला त्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. हा पाइप "पाणीच तर आहे" म्हणून पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडलेला दिसला तर त्याच दिवशी तोडा. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तेच. ते पुनर्भरणाला अजिबात नको.

अर्थिंगचा खड्डा कुणाच्या लक्षात येत नाही. मोटारीच्या शेडजवळ, ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा घरामागे अर्थिंग करताना मीठ आणि कोळशाचे थर देतात आणि उन्हाळ्यात अर्थिंग "मरू नये" म्हणून वरून पुन्हा मीठ आणि पाणी ओततात. बोअर, मोटार आणि पुनर्भरणाचा खड्डा एकाच कोपऱ्यात असल्यामुळे हे मीठ सरळ आपल्याच गाळणीत झिरपतं. खड्ड्याच्या एकाच भिंतीवर पांढरं फूल चढलेलं दिसलं तर त्या दिशेला अर्थिंग आहे का पाहा. अर्थिंग उपटून टाकू नका, तो जिवाचा प्रश्न आहे. परवानाधारक वायरमनकडून नवं अर्थिंग उताराच्या खालच्या अंगाला, गाळणखड्ड्यापासून पाच-सहा मीटर तरी लांब करून घ्या, रोध मोजून घ्या आणि मगच जुनं काढा.

शेतात मुख्य कारण चोपण जमीन. तापीकाठच्या खोलगट, निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत, आणि चांगदेवला तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या पट्ट्यात, अशा जागा भेटतात. ओळख सोपी: पावसानंतर पाणी साचून राहतं, वाळल्यावर वर गुळगुळीत, चकाकणारी, काळपट साय धरते आणि तीवर टाच मारली तरी फुटत नाही. ज्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त आहे त्या पाण्यावर वर्षानुवर्षं केळी घेतलेल्या रानातही हळूहळू हीच लक्षणं येतात. केळीला दिलेल्या पांढऱ्या पोटॅशमध्ये निम्म्याच्या आसपास क्लोराईड असतं. त्याने खड्डा तुंबत नाही, पण विहिरीचं पाणी खारवतं. म्हणून खताचा हप्ता दिलेल्या रानाचं पहिलं पाणी विहिरीत घेऊ नये.

खड्ड्याच्या कडेचं गवत मारायला मीठ टाकण्याची सवय असेल तर ती सोडा. गवत हातानं उपटा.

मोठी गाळटाकी बांधून का भागत नाही

पहिला सल्ला नेहमी हाच मिळतो, म्हणून आकडे पाहू. ०.०२ मिलिमीटरचा पोयट्याचा कण एक मीटर खोल टाकीत पाऊण तासाच्या आसपास तळाला जातो. ०.००२ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण त्याच्या शंभरपट हळू बसतो. दहा सेंटिमीटरला साधारण ८ तास, एक मीटरला तीन दिवसांच्या वर. तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. एक एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाहिला तरी २० हजार लिटर पाणी एका दमात येतं. एवढं पाणी तीन दिवस शांत धरून ठेवणारी टाकी कोण बांधणार? गाळटाकी हवीच, पण ती पोयटा आणि काडीकचरा पकडायला. सुटलेली चिकणमाती पुन्हा रव्यात आणणं हे कॅल्शियमचं काम.

तुंबलेला खड्डा मोकळा करणं

खालची मापं दीड मीटर लांब-रुंद खड्ड्यासाठी आहेत. तुमचा खड्डा मोठा असेल तर त्या प्रमाणात वाढवा. दोन मीटर खोल खड्ड्यात एकट्याने उतरू नका, काळ्या मातीची ओली भिंत न सांगता बसते.

येणारं पाणी बांध घालून वळवा, उभं पाणी उपसा आणि खड्डा दोन दिवस वाळू द्या. मग फावड्याने रेती एका बाजूने वरपासून खालपर्यंत उभी कापा आणि कापलेली भिंत नीट पाहा. केक कापल्यासारखे थर दिसतील. वर दोन-पाच मिलिमीटरची काळी साय. तिच्याखाली रेतीचा रंग कुठवर काळपट आहे ते बोटाने चोळून मोजा. बोटाला मेणासारखा चिकट लेप लागला तर चिकणमाती तिथवर पोचली आहे, नुसती धूळ लागली तर नाही. डाग सात सेंटिमीटरच्या आत असेल तर तेवढीच रेती काढा. पंधराच्या खाली गेला असेल तर सगळी काढा, आणि गिट्टीत चिखल दिसला तर तीही.

काढलेली रेती खड्ड्याबाहेर धुवा. २०० लिटरच्या ड्रममध्ये अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, फावड्याच्या दांड्याने घुसळून लगेच वरचं पाणी ओतायचं, असं तीन-चार वेळा. इथे उलटा नियम आहे, तो लक्षात ठेवा. बाहेर धुताना गोड पाणी चांगलं, कारण माती सुटून निघून जावी हेच आपल्याला हवं असतं. कॅनॉलचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर तेच वापरा. शेवटचा हात मात्र जड बोअरच्या पाण्याने. खड्ड्यात असलेल्या थरांवर गोड पाण्याचा पाइप कधीच सोडू नका. तिथे सुटलेली माती बाहेर जाणार नाही, खाली बोअरकडे जाईल. रेती धुतली का हे पाहायला मूठभर रेती बाटलीत घेऊन हलवा. मिनिटभरात पाणी निवळलं पाहिजे.

खड्ड्यात राहिलेल्या थरांना कॅल्शियमचा हात द्या. २०० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम शेतीचं जिप्सम टाकून चांगलं ढवळा, दोन तास ठेवा, निवळलेलं पाणी गाळून हळूहळू सगळीकडे ओता. जिप्सम लिटरला साधारण अडीच ग्रॅमच्या वर विरघळत नाही, म्हणून जास्त टाकून फायदा नाही. असे दोन ड्रम पुरतात. हे पाणी केसिंगमधून (बोअरच्या पाइपातून) बोअरमध्ये उतरेल, तेव्हा त्याच दिवशी मोटार तासभर चालवून ते पाणी बाहेर टाका. जिप्सममधलं सल्फेट पिण्याच्या पाण्यात साठायला नको.

ड्रिपच्या नळ्या साफ करतात तसं अ‍ॅसिड इथे ओतू नका. अ‍ॅसिड चुन्याचा थर काढतं, चिकणमाती नाही. गिट्टी चुनखडीची असेल तर तीच झिजेल आणि लोखंडी केसिंगही खाईल. तुरटीने बाटलीतलं पाणी सुंदर निवळतं हे खरं, पण बोअरच्या तोंडाशी अॅल्युमिनियमचा चिकट गाळ जमवणं शहाणपणाचं नाही.

पुन्हा भरताना

तळाला ३० सेंटिमीटर दगड-गोटे, त्यावर ३० सेंटिमीटर २० मिलिमीटरची गिट्टी, त्यावर ३० सेंटिमीटर ६ ते १० मिलिमीटरची बारीक खडी आणि वर ३० सेंटिमीटर जाड रेती. दीड मीटरच्या चौकोनात ३० सेंटिमीटरचा एक थर म्हणजे २४ घनफूट, जवळपास पाव ब्रास. रेती २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडेल आणि १ मिलिमीटरवर राहील अशी. गिलाव्याची बारीक रेती नको. क्रश सँड नाइलाजाने वापरायची असेल तर तिच्यातली दगडाची भुकटी पूर्ण धुऊन निघाली पाहिजे, नाहीतर मिठाची गरजच लागत नाही, खड्डा तसाच बसतो. विटांचे तुकडे कच्च्या भट्टीचे असतील तर दोन वर्षांत त्यांचीच माती होते. कोळशाचा थर लोक हौसेने घालतात. विरघळलेलं मीठ तो अडवत नाही, इथे त्याचा उपयोग नाही.

रेतीच्या वर शेडनेट किंवा न विणलेलं जिओटेक्स्टाइल अंथरून त्यावर ५ सेंटिमीटर जाड रेती टाका. पावसाळ्यात खड्डा मंदावला तर एवढाच थर जाळीसकट उचलायचा, धुवायचा, परत टाकायचा. दोन माणसांचं तासाभराचं काम. खताची जुनी पोती वापरू नका, त्यातून पाणी जात नाही. गोणपाट पहिल्याच मोसमात कुजतं. पाणी जिथे पडतं तिथे एक सपाट दगड ठेवा, नाहीतर धार रेतीत खळगा करते आणि पाणी न गाळताच खाली जातं.

बोअरच्या केसिंगला खड्ड्यातल्या खालच्या अर्ध्या मीटरवर ४-५ मिलिमीटरची भोकं आणि त्याभोवती नारळाचा काथ्या घट्ट गुंडाळण्याची पद्धत चांगलीच आहे. काथ्या दर दोन-तीन वर्षांनी पाहा. केसिंग लोखंडी असेल आणि पाण्यात क्लोराईड जास्त असेल तर भोकांच्या कडा आधी गंजतात, म्हणून पुनर्भरणाला पीव्हीसी केसिंग बरं.

भरून झाल्यावर रेतीवर ३० सेंटिमीटर पाणी उभं करा आणि काठीवर खूण करून वेळ मोजा. हजार चौरस फूट गच्चीवर तासाला २५ मिलिमीटर पाऊस झाला तर दोन हजार लिटरच्या आसपास पाणी येतं. आपल्या खड्ड्याने ते उभं न ठेवता पचवायचं तर तासाला ९० सेंटिमीटर उतरलं पाहिजे, म्हणजे ३० सेंटिमीटर वीस मिनिटांत. ही वेळ खड्ड्याच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक मोजणीची तुलना याच्याशी करायची. वेळ दुप्पट झाली की वरची जाळी धुवायची, चौपट होईपर्यंत थांबायचं नाही.

छताच्या पाण्यासाठी पहिले २ मिलिमीटर बाहेर सोडायची सोय करा. हजार चौरस फुटांना ते १८५ लिटर होतं, एक २०० लिटरचा ड्रम आणि तळाला छोटा कॉक पुरेसा आहे. धूळ, पाखरांची विष्ठा आणि गच्चीवर राहिलेला सोडा यातच जातो.

शेताकडून चोपण पाणी येत असेल तर

दोन मार्ग आहेत. जमिनीचाच उपचार, किंवा पाण्याचा.

जमिनीला जिप्सम एप्रिल-मे महिन्यात द्या. वरच्या १५ सेंटिमीटर मातीतून दर १०० ग्रॅममागे एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायला एकरी ८०० किलोच्या आसपास शुद्ध जिप्सम लागतं. किती मिलिइक्विव्हॅलंट काढायचं हे माती अहवालावरून ठरवा, अंदाजाने पोती टाकू नका. वखराने १० सेंटिमीटरपर्यंत मिसळा. आणि इथे एक चूक फार महाग पडते: त्या पावसाळ्यात या रानाचं पाणी पुनर्भरणाला घेतात. जिप्समने सुटलेला सोडियम त्याच पाण्यातून बाहेर पडत असतो. त्या मोसमात चारी बंद ठेवा, पाणी नाल्याला जाऊ द्या. निचराच नसेल तर आधी चर काढा, निचऱ्याशिवाय जिप्सम म्हणजे पैसे मातीत.

पाण्याचा उपचार गाळटाकीत होतो. १००० लिटरला १०० ते २०० ग्रॅम जिप्सम, याने पाण्यात लिटरमागे एक ते दोन मिलिइक्विव्हॅलंट कॅल्शियम येतं, जडपणा लिटरमागे ५० ते १०० मिलिग्रॅमने वाढतो आणि सल्फेट साधारण ५५ ते ११० मिलिग्रॅमने. पिण्याच्या पाण्याच्या मानकात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा २०० आहे. त्यामुळे या मात्रेच्या वर जायचं असेल तर पिण्याच्या विहिरीसाठी हा मार्ग नको. मात्रा ठरवायला पाच बाटल्या घ्या. प्रत्येकीत एक लिटर गढूळ पाणी आणि क्रमाने ०, ५०, १००, १५०, २०० मिलिग्रॅम जिप्सम. एवढं घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून २ ग्रॅम जिप्सम एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि त्यातलं ०, २५, ५०, ७५, १०० मिलिलिटर टाका. तासाभरात जी बाटली सगळ्यात कमी जिप्समवर निवळायला लागते, ती तुमची मात्रा. एकही निवळली नाही तर ते पाणी विहिरीच्या लायकीचं नाही, नाल्यात सोडा.

चारीत पाच-सहा मीटर लांबीचा वाळा किंवा हरळीचा पट्टा ठेवला तर वेग मरतो आणि पोयटा तिथेच थांबतो. वाळा खारवट जमीनही सोसतो.

बोअरच पाणी घेत नसेल तर

गाळणी साफ असूनही पाणी उभं राहतं, तेव्हा स्वच्छ पाण्याचा एक टँकर थेट केसिंगमध्ये हळूहळू सोडून पाहा. तेही वर आलं तर खालीच अडकलं आहे. तापीच्या दक्षिणेकडच्या कातळातल्या बोअरला कॉम्प्रेसरने फ्लशिंग केलं तर भेगा बऱ्याच मोकळ्या होतात. यावल, रावेर, चोपडा भागातल्या गाळाच्या जमिनीतली ट्यूबवेल वेगळी. तिच्या जाळीच्या पाइपाभोवती जी रेती-खडी भरलेली असते, तिच्यात एकदा सुटी चिकणमाती बसली की ती सहसा पूर्ण निघत नाही. अशा ठिकाणी चालू ट्यूबवेलमध्ये गढूळ पाणी थेट सोडायची जोखीमच घेऊ नका. बाजूला पडीक विहीर असेल तर गाळलेलं पाणी तिच्यात द्या. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे तिथे नाल्याच्या पात्रातच पाणी भरपूर मुरतं, तिथे खड्ड्यापेक्षा नाल्यात पाणी थांबवणं जास्त फायद्याचं.

मोसमात एवढ्या नोंदी वहीत असू द्या: पहिल्या, चौथ्या आणि हत्तीच्या पावसातला टीडीएस, त्याच दिवशी ३० सेंटिमीटर पाणी उतरायला लागलेली वेळ, आणि विहिरीच्या पाण्याचा टीडीएस पावसाळ्याआधी व दिवाळीनंतर. दिवाळीनंतरचा आकडा पावसाळ्याआधीपेक्षा वर गेला असेल, तर खड्डा कितीही भराभर पाणी पीत असला तरी त्याचं तोंड बंद करा आणि मीठ कुठून शिरतंय ते सापडेपर्यंत उघडू नका.